बिनछाप पात्याचं पोलाद पाच मिनिटांत ओळखता येतं? एका फिरत्या दाव्याला उत्तर

पात्यावर नाव नाही, नंबर नाही, कंपनीचा शिक्का नाही; तरी त्याचं पोलाद कोणतं ते पाच मिनिटांत घरच्या घरी ओळखा, अशा अर्थाचा मजकूर बराच काळ हातोहात फिरतो आहे. कधी लांबलचक संदेश असतो, कधी दीड मिनिटाचा व्हिडिओ. शब्द बदलतात, कसोट्या त्याच. चुंबक चिकटलं तर कार्बन स्टील, नाही चिकटलं तर अस्सल स्टेनलेस. कानस घसरली तर हाय कार्बन, लागली तर हलकं लोखंड. ग्राइंडरच्या ठिणग्या तक्त्याशी जुळवा, ग्रेड मिळेल. लिंबू चोळा, काळं पडलं तर कार्बन. टिचकी मारा, खणखणीत वाजलं तर उत्तम पोलाद. अंगावर लाटा दिसल्या तर दमास्कस, म्हणजे लाटांच्या नक्षीचं नामांकित पोलाद. आणि शेवटी पुरवणी: पातं जुन्या वस्तूपासून घडवलेलं असेल तर तपासायचीही गरज नाही, गाडीचा पाटा म्हणजे ५१६०, कानस म्हणजे १०९५, बेअरिंग म्हणजे ५२१००.

हे सगळं धादांत खोटं असतं तर एका ओळीत निकाल लागला असता. पण यातली बहुतेक प्रत्येक कसोटी कारखान्यात कुठे ना कुठे खरोखर वापरली जाते आणि काहीतरी खरं सांगते. गोंधळ असा की ती सांगते एक आणि आपण ऐकतो भलतंच.

ग्रेड म्हणजे काय एवढं आधी पक्कं करू. १०९५ म्हणजे कार्बन ०.९० ते १.०३ टक्के, मँगनीज ०.३० ते ०.५० टक्के, बाकी जवळजवळ सगळं लोह. डी२ म्हणजे कार्बन दीड टक्क्याच्या आसपास, क्रोमियम ११ ते १३ टक्के, जोडीला मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. ग्रेड ओळखणं म्हणजे हे आकडे ओळखणं. पातं कसं चालेल हे मात्र या आकड्यांइतकंच त्याला दिलेल्या पाण्यावर, म्हणजे तावून थंड करून ते किती कडक केलं यावर ठरतं. १०९५ची सळई नरम करून ठेवली तर साध्या हॅकसॉने कापता येते. तीच तावून झटक्यात थंड केली तर कडकपणाच्या रॉकवेल मापावर ६५ च्या घरात जाते आणि हातातून पडली तर तुकडे होतात. दोन्ही वेळा मिश्रण तेच. फिरत्या मजकुरातली निम्मी चूक इथेच आहे: पाणी तपासायचं आणि मिश्रण सांगायचं.

आता एकेक कसोटी घेऊ.

“चुंबक चिकटलं तर स्टेनलेस नाही”

सगळ्यात जास्त पसरलेला आणि सगळ्यात चुकीचा मुद्दा हाच. स्टेनलेसचा इतिहासच त्याच्या विरोधात साक्ष देतो. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांची झीज कमी करायच्या मागे होता. त्याने ओतलेल्या एका पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. ते सहजी गंजत नाही हे लक्षात आल्यावर त्याने ते सुरी-काट्यांसाठी पुढे केलं. हे पोलाद तावून थंड केलं की कडक होतं आणि चुंबकाला बिनतक्रार चिकटतं. म्हणजे पात्यांसाठी पुढे आलेलं पहिलंवहिलं स्टेनलेसच फिरत्या मजकुराच्या कसोटीत नापास.

न चिकटणारं स्टेनलेस वेगळ्या घराण्यातलं. १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेलवालं, म्हणजे ज्याला ३०४ म्हणतात ते. निकेलमुळे त्याची अंतर्गत रचना बदलते, म्हणून चुंबक त्याला धरत नाही. पण त्याच रचनेमुळे ते तावून, पाणी देऊन कडकही होत नाही. भांडी, टाक्या, नळ्या यांसाठी उत्तम, धारेसाठी कुचकामी. तेव्हा एखाद्या पात्याला चुंबक अजिबात चिकटत नसेल तर “अस्सल स्टेनलेस” म्हणून खूश होण्याऐवजी हे टिकाऊ धार धरेल का, अशी शंका घ्यायला हवी. उलट ४२०, ४४०सी, व्हीजी-१० अशी ज्यांची पाती बनतात ती सगळी स्टेनलेस पोलादं चुंबकाला चिकटतात.

त्यातही पोटभेद आहेत. ३०४चा पत्रा थंड असताना ठोकला, वाकवला, ओढला की त्यातही थोडं चुंबकत्व येतं. वाकवलेल्या कडेला चुंबक हलकेच ओढ घेतं आणि सपाट भागावरून निसटतं. पाणबुड्यांच्या काही चाकूंची पाती टायटॅनियमची असतात, त्यांनाही चुंबक चिकटत नाही. थोडक्यात, “न चिकटणं” ही थोडीफार माहिती आहे. “चिकटणं” ही पात्याच्या बाबतीत जवळजवळ काहीच माहिती नाही, कारण कडक होऊ शकणारं बहुतेक प्रत्येक पोलाद चिकटतंच.

“कानस घसरली तर हाय कार्बन”

कानस कडकपणा मोजते आणि त्या कामात ती तरबेज आहे. त्यासाठी खास कानशींचे संचही मिळतात: ४०, ४५, ५० असं करत ६५ रॉकवेलपर्यंत. ज्या कानशीने ओरखडा उठतो आणि जी नुसती घसरते त्या दोघींच्या मधे पात्याचा कडकपणा. ही पद्धत मला आवडते. यंत्र नसताना एवढ्या कमी खर्चात इतकं खरं उत्तर दुसरं काही देत नाही.

पण कडकपणा म्हणजे कार्बनचा आकडा नव्हे. हे पाहायला एकच पातं पुरतं. ज्याच्या फक्त धारेला पाणी दिलं आहे असं साध्या कार्बन पोलादाचं पातं घ्या. धारेलगत कानस टेकवा: काच घासल्यासारखा बारीक, उंच आवाज येतो, कानस सरकत जाते, पात्यावर खूण उमटत नाही, कानशीचे दात मात्र चकाकतात. तीच कानस दोन बोटं वर पाठीकडे न्या. आवाज एकदम भरड होतो, हाताला पकड जाणवते आणि कानशीच्या दातांत राखाडी कीस साठतो. पातं एक, पोलाद एक, आणि फिरत्या मजकुराप्रमाणे निकाल दोन: खाली हाय कार्बन, वर हलकं लोखंड.

वरची कातडीही फसवते. भट्टीत जास्त वेळ राहिलेल्या पात्याच्या पृष्ठभागातला कार्बन जळून जातो. अशा ठिकाणी कानस आधी चावते आणि दोन-चार घासण्यांनंतर घसरायला लागते. याच्या उलट, कमी कार्बनच्या लोखंडाला वरून कार्बन मुरवून नुसती साल कडक केलेली असली तर पहिल्या घासणीला कानस घसरते आणि आत सगळं मऊ निघतं. म्हणून एका जागी एक घासणी मारून निकाल देऊ नये. आणि मुख्य धारेवर तर कानस लावूच नये. टाचेजवळचा किंवा मुठीत जाणारा भाग त्यासाठी असतो.

“ठिणग्या तक्त्याशी जुळवा, ग्रेड मिळेल”

ही कसोटी जुनी, सगळ्यात उपयोगी आणि म्हणूनच सगळ्यात जास्त फुगवलेली. बुडापेस्टचा अभियंता मॅक्स बर्मान याने १९०९ मध्ये ठिणग्यांवरून लोखंड-पोलादाचे प्रकार वेगळे करता येतात हे मांडलं. कार्बनचा अंदाज ०.०१ टक्क्यापर्यंत बरोबर येतो, असा त्याचा दावा होता. शंभरेक वर्षांनी आजही सळ्या एकमेकांत मिसळल्या, भंगार निवडायचं असलं की जाणता माणूस ग्राइंडरला तुकडा लावून बघतो. ०.०१ टक्क्याची गोष्ट मात्र कुणी जाणता करत नाही.

ठिणगी का फुटते, हे समजलं की तिची मर्यादाही समजते. चाक पोलादाचा बारीक कण तोडतं, घर्षणाने तो तापून हवेत पेटतो. कणातला कार्बन जळून वायू होतो, तो वायू आतून दाब देतो आणि कण फुटतो. डोळ्यांना ती ठिणगीला फुटलेली फांदी दिसते. म्हणून कार्बन कमी असलेल्या लोखंडाची ठिणगी लांब, पिवळसर, सरळ जाते आणि क्वचित एखादा फाटा देते. एक टक्क्याच्या आसपास कार्बन असलं की चाकापासून जवळच फुटायला सुरुवात होते आणि सगळा झोत फुलबाजीसारखा भरगच्च होतो. क्रोमियम हे फुटणं दाबतं, ठिणग्या आखूड आणि नारिंगी होतात. टंगस्टनवालं हाय स्पीड स्टील लावलं, उदाहरणार्थ ड्रिलचा जुना बिट, तर मंद लाल, तुटक, बारीक रेघा दिसतात. उजेडात त्या दिसतही नाहीत.

म्हणजे घराणी कळतात. साधं कमी कार्बनचं, साधं जास्त कार्बनचं, स्टेनलेस, हाय स्पीड: हे चार गट सरावलेला डोळा बऱ्याचदा बरोबर वेगळे करतो. पण १०८४ आणि १०९५ यांच्यात कार्बनचा फरक साधारण दशांश टक्क्याचा. ५२१०० मध्ये १०९५पेक्षा दीड टक्का क्रोमियम जास्त, तेवढं ठिणगीत लपून जातं. ही तिन्ही एकापाठोपाठ चाकाला लावून कुठली कोणती हे छातीठोकपणे सांगणारा माणूस मला अजून दिसायचा आहे.

तक्त्याचा घोळ वेगळाच. ठिणगीची लांबी चाकाच्या वेगावर, चाक भरड की बारीक यावर, आपण किती दाबतो यावर अवलंबून. तक्त्यातलं चित्र यातलं काहीच सांगत नाही. चित्र फोटो असेल तर आणखी एक गंमत: कॅमेऱ्याचं शटर जास्त वेळ उघडं ठेवलं की अनेक ठिणग्या एकाच फोटोत एकावर एक येतात आणि झोत दाट दिसतो, कमी ठेवलं की तेच पोलाद विरळ. डोळ्याने पाहिलेल्या झोताची अशा फोटोशी तुलना करून ग्रेड लिहिणं म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

जाणते लोक तक्ता वापरत नाहीत, नमुने वापरतात. ज्यांची ग्रेड खात्रीने माहीत आहे असे तुकडे शेजारी ठेवायचे, तेच चाक, तोच दाब, मागे गडद पार्श्वभूमी, आणि अनोळखी तुकडा व नमुना आलटून पालटून लावायचे. आधी चाक साफ करून घ्यायचं, कारण आधीच्या धातूचे कण चाकात अडकलेले असले तर पहिल्या काही ठिणग्या त्या धातूच्या असतात. असं केलं तरी उत्तर “या नमुन्यासारखं दिसतंय” एवढंच येतं. “हेच आहे” असं येत नाही.

पात्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे, जो व्हिडिओत कुणी सांगत नाही. पातळ धार चाकाला टेकली की क्षणात तापते. साध्या कार्बन पोलादावर निळा रंग ३०० अंश सेल्सियसच्या आसपास चढतो आणि तो चढला म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. हाय स्पीड स्टीलला त्याचं काही वाटत नाही, ते ५०० अंशांवरही कडकपणा धरून ठेवतं. पण आपल्या हातातलं कुठलं आहे हेच तर शोधायचं आहे! म्हणून ठिणगी मुठीत जाणाऱ्या भागावरून घ्यावी असं म्हणतात. तेही डोळे मिटून नाही: कित्येक पात्यांना तो भाग वेगळ्या, मऊ लोखंडाचा वेल्डिंगने जोडलेला असतो. जोडाची रेघ दिसते का ते पाहून मगच चाक लावावं, नाहीतर परीक्षा जोडतुकड्याची आणि निकाल पात्याचा. चष्मा तर हवाच.

“लिंबू चोळा, काळं पडलं तर कार्बन”

आम्लाची परीक्षा स्टेनलेसच्या जन्मापासून आहे. शेफिल्डच्याच अर्नेस्ट स्टुअर्टने ब्रिअर्लीच्या पोलादाची पाती व्हिनेगरने तपासली होती. यामागचं तत्त्व पक्कं आहे. पोलादात क्रोमियम साडेदहा टक्क्यांच्या वर गेलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर आपोआप तयार होतो आणि तो आम्लाला लोहापर्यंत सहजी पोहोचू देत नाही. साध्या कार्बन पोलादावर लिंबाचा रस काही मिनिटांत करडा डाग पाडतो. या दोन टोकांना वेगळं करायला लिंबू उत्तम.

अडचण मधल्यांची. डी२ मध्ये क्रोमियम ११ ते १३ टक्के, म्हणजे कागदावर स्टेनलेसच्या रेषेवर. पण कार्बन दीड टक्का असल्याने बरंचसं क्रोमियम कार्बाइडच्या, म्हणजे कार्बन आणि धातू यांच्या कडक संयुगाच्या, कणांत अडकून बसतं आणि गंजाशी लढायला मोकळं उरतं ते कमी. परिणामी डी२ला डाग पडतात, पण हळू आणि ठिपक्यांनी. लिंबाच्या कसोटीत ते कुठे टाकायचं? ते ठरतं किती वेळ थांबलो त्यावर. आरशासारखं घासून चकचकीत केलेलं कार्बन पोलाद खरखरीत पृष्ठभागाच्या पोलादापेक्षा उशिरा डागतं. तेलाचा पापुद्रा, लाखेचा थर, क्रोमचा मुलामा यांपैकी काही वर असलं तर रस पोलादापर्यंत पोहोचतच नाही. उलट स्टेनलेसवर आधी साध्या लोखंडासाठी वापरलेलं चाक फिरवलं असेल तर त्यातले लोखंडाचे कण पृष्ठभागात रुततात आणि दुसऱ्या दिवशी तांबूस ठिपके दिसतात. ठिपके त्या कणांचे, बदनाम होतं पातं.

एक दृश्य मात्र लिंबूच दाखवतं. मधे कडक कार्बन पोलाद आणि दोन्ही बाजूंना स्टेनलेसची चादर अशी तीन थरांची पाती असतात. अशा पात्यावर रस लावला की धारेलगतची बारीक पट्टी करडी होत जाते, तिच्यावर नागमोडी सीमारेषा उमटते आणि त्या रेषेच्या वर सगळं पांढरं, लख्ख राहतं. आता “या पात्याचं पोलाद कोणतं” या प्रश्नालाच एक उत्तर नाही. पाच मिनिटांची परीक्षा करणारा ज्या जागी थेंब टाकेल त्या जागेचं उत्तर घेऊन घरी जाईल.

“खणखणीत वाजलं तर उत्तम पोलाद”

आवाजाची उंची पात्याच्या लांबी-रुंदी-जाडीवर आणि धातूच्या ताठपणावर ठरते. हा ताठपणा साध्या लोखंडापासून महागड्या मिश्र पोलादापर्यंत जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास असतो, आणि पाणी दिल्याने त्यात नगण्य फरक पडतो. मऊ सळईही टांगून वाजवली तर घुमते. टिचकीने एक गोष्ट कळते: पात्याला तडा असेल तर आवाज बद्द येतो. पाणी दिल्यावर लोहार पातं वाजवून बघतो ते त्यासाठी.

“वाकवून बघा, वाकलं नाही म्हणजे कडक” हेही याच जातीचं. किती जोर लावल्यावर किती वाकेल हे जाडी ठरवते. पोलाद कडक आहे की नाही हे कळतं ते सोडल्यावर सरळ होतं की वाकलेलंच राहतं यावरून. आणि वजनाबद्दल तर न बोललेलंच बरं. बहुतेक पोलादांची घनता पाण्याच्या पावणेआठ ते आठपट. हातात तोलून ग्रेड कळायची तर हात तराजूहून सरस हवा.

“लाटा दिसल्या म्हणजे दमास्कस”

नक्षीवरून पोलाद ओळखताना मायकेल फॅरडेची आठवण ठेवावी. भारतातल्या वुट्झ पोलादाचं त्याने १८१९ मध्ये रासायनिक पृथक्करण केलं आणि त्याचे गुण ॲल्युमिनियम व सिलिका यांच्या मिश्रणामुळे आले असावेत असा निष्कर्ष काढला. तो चुकीचा निघाला. प्रयोगशाळा होती, माणूस फॅरडेसारखा होता, तरी हे. वुट्झपासून घडवलेल्या, मूळच्या दमास्कस तलवारींवरच्या लाटा म्हणजे कार्बाइडच्या ओळी. आणि त्या ओळी जमण्यात व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांच्या अगदी सूक्ष्म अंशाचा हात आहे, हे धातुशास्त्रज्ञ व्हरहोवेन आणि पाती घडवणारे पेन्ड्रे यांच्या कामातून विसाव्या शतकाच्या अखेरीस पुढे आलं.

आज बाजारात जे दमास्कस म्हणून मिळतं ते बहुतांशी दोन पोलादांचे थर भट्टीत जोडून, दुमडून, पिळून केलेलं असतं. १०८४ किंवा १०९५ बरोबर १५एन२० ही नेहमीची जोडी. १५एन२० मध्ये सुमारे दोन टक्के निकेल असतं, त्यामुळे फेरिक क्लोराइड या धातू खाणाऱ्या रसायनात बुडवल्यावर ते उजळ राहतं आणि जोडीदार काळा पडतो. पण नक्षी पाहून ही जोडी आहे की दुसरी, हे सांगता येत नाही. आणि काही पात्यांवर नक्षी नुसती लेझरने उमटवलेली असते. ते तपासायची रीत सोपी: एका कोपऱ्यात पॉलिश पेपरने नक्षी पूर्ण घासून काढायची आणि त्यावर फेरिक क्लोराइड लावायचं. थर खरे असतील तर नक्षी परत वर येते. छापलेली असेल तर नुसता करडा चट्टा.

“पाटा म्हणजे ५१६०, कानस म्हणजे १०९५, बेअरिंग म्हणजे ५२१००”

पातं घडवणाऱ्यांना सगळ्यात महाग पडणारा समज हा. गाडीचे पाटे ५१६०चे असतात हे खरं, पण ईएन४५ या सिलिकॉन-मँगनीज पोलादाचेही असतात, ९२६०चेही असतात आणि क्रोम-व्हॅनेडियमवाल्या ५१सीआरव्ही४ चेही. बनवणाऱ्याला पाटा किती भार पेलतो आणि किती वेळा लवतो याची फिकीर. कुठल्या ग्रेडने ते साधायचं हा त्याचा प्रश्न. बेअरिंगची गोळी बहुधा ५२१००ची निघेल. पण मोठ्या बेअरिंगांच्या कड्या कित्येकदा कमी कार्बनच्या पोलादाला वरून कार्बन मुरवून केलेल्या असतात. अशा कडीचं पातं घडवायला घेतलं तर ठोकताना-घासताना कडक साल निघून जाते आणि हातात उरतं ते कडक न होणारं पोट. काही स्वस्त कानशींचीही हीच तऱ्हा.

हॅकसॉचं ब्लेड आणखी बोलकं आहे. आजची बरीच ब्लेडं बायमेटल असतात: दातांची कड हाय स्पीड स्टीलची, पाठ लवचीक स्प्रिंगच्या पोलादाची. तुकडा चाकाला दातांकडून लावला तर मंद लाल रेघा, पाठीकडून लावला तर पिवळ्या, फांद्या फुटणाऱ्या ठिणग्या. “ब्लेड म्हणजे हाय स्पीड” म्हणून पाठीचा चाकू करणाऱ्याला आणि “ब्लेड म्हणजे कार्बन” म्हणून दातांकडे धार काढणाऱ्याला, दोघांनाही निराश करायची सोय एकाच ब्लेडमध्ये आहे.

भंगारातल्या पोलादाचं पातं घडवायचंच असेल तर नावापेक्षा वागणूक तपासावी. एक पट्टी कापून घ्यायची, चुंबक सोडून देईल इतकी तापवायची (लोह ७७० अंश सेल्सियसला चुंबकत्व सोडतं), त्याहून थोडी अधिक तापवून तेलात बुडवायची आणि कानस लावायची. घसरली तर पट्टी शिकंज्यात धरून, जाड कपड्यात गुंडाळून मोडायची आणि मोडलेल्या तोंडाचे कण पाहायचे: मखमलीसारखे बारीक, राखाडी असतील तर ताव बरोबर बसला, साखरेसारखे चमकणारे भरड असतील तर जास्त तापलं. याने ग्रेड कळत नाही. पण हे पोलाद तेलात कडक होतं का आणि कितपत तावावर, हे कळतं, आणि घडवणाऱ्याला हवं असतं तेच. ही रीत साध्या आणि कमी मिश्रणाच्या पोलादांपुरती. स्टेनलेस आणि डी२ला साधारण हजार अंश किंवा त्याहून जास्त लागतात, हाय स्पीडला बाराशेच्या आसपास. भट्टीत नुसतं लाल करून बुडवलेली डी२ची पट्टी नीट कडक झाली नाही म्हणून “हलकं लोखंड” ठरवून फेकून दिली, असं सर्रास होतं.

मग ग्रेड कळायचा मार्गच नाही का? आहे, प्रयोगशाळेत. पण तिथेही काय मागायचं ते माहीत हवं. पिस्तुलासारखं हातात धरायचं, क्ष-किरणांवर चालणारं एक्सआरएफ यंत्र पात्याला खरचटू न देता काही सेकंदांत क्रोमियम, निकेल, मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम यांचे आकडे देतं. कार्बन मात्र त्याला दिसत नाही. कार्बनमधून येणारे क्ष-किरण इतके दुबळे असतात की यंत्रापर्यंत पोहोचण्याआधीच हवेत विरतात. म्हणजे १०४५ आणि १०९५ यांच्यातला जो खरा फरक, त्यालाच हे यंत्र आंधळं. ३०४ आणि ३०४एल या जोडीलाही ते याच कारणाने वेगळं करू शकत नाही. कार्बन हवा तर स्पार्क ओईएस लागतं: आर्गॉन वायूत विजेची ठिणगी पाडून निघालेल्या प्रकाशावरून ते मूलद्रव्यं मोजतं. त्यासाठी घासून स्वच्छ केलेली सपाट जागा लागते आणि तिथे काही मिलिमीटरचा जळका डाग राहतो. फार पातळ पात्यावर ते नीट बसतही नाही.

आणि आकडे हातात आले तरी नाव एकच निघेल असं नाही. ५२१००, ईएन३१, १००सीआर६ आणि एसयूजे२ ही वेगवेगळ्या देशांच्या मानकांतली जवळजवळ एकाच पोलादाची नावं. ८सीआर१३एमओव्ही आणि एयूएस-८ यांचे आकडे इतके एकमेकांत मिसळतात की एखादा नमुना दोन्हींत बसू शकतो. १५४सीएम आणि सीपीएम १५४ यांचं मिश्रण तर एकच. एक नेहमीसारखं ओतून केलेलं, दुसरं भुकटीपासून. फरक कार्बाइडच्या कणांच्या आकारात, आणि तो दिसतो तो पॉलिश करून, आम्ल लावून, सूक्ष्मदर्शकाखाली. रासायनिक अहवाल दोन्हींना सारखाच येईल.

नुसतं पातं वापरायचं असेल तर या अहवालाची गरज क्वचितच पडते. लिंबाच्या थेंबाने ते पुसून कोरडं ठेवायचं की नाही हे कळतं, कानशीच्या संचाने धार कितपत टिकेल आणि दगडावर किती वेळ जाईल याचा अंदाज येतो, नमुन्याशेजारी पाहिलेल्या ठिणगीने घराणं कळतं. विकणारा “डी२ आहे” म्हणत असेल आणि त्या नावाचे पैसे मागत असेल तर एक्सआरएफचा आकडा मागावा: क्रोमियम ११ ते १३च्या दरम्यान नसेल तर डी२ नाही, तिथेच विषय संपला. असेल तर कार्बनसाठी ओईएस मागावं, आणि डाग मुठीखाली झाकला जाईल अशी जागा आपणच खडूने आखून द्यावी.